आधी आखणी कुठे, थेट हात कुठे

चार जणांच्या छोट्या गटाकडे एका गावच्या दूध संस्थेच्या सॉफ्टवेअरचं काम आलं आहे, असं धरू. सकाळ-संध्याकाळचं संकलन, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले उरलेले घन घटक) यांप्रमाणे दर, दर दहा दिवसांनी सभासदांचा पगार, त्यातून पशुखाद्याची आणि उचलीची कपात. पहिल्याच बैठकीत गटात दोन मतं पडतात. एकाचं म्हणणं, महिनाभर बसून सगळ्या गरजा लिहून काढू, डेटाबेसचा आराखडा पक्का करू, संस्थेची सही घेऊ आणि मगच कोडला हात लावू. दुसऱ्याचं म्हणणं, सोमवारी स्क्रीन दाखवू, लोक वापरतील तसतसं बदलत जाऊ. हा वाद हिंजवडीतल्या मोठ्या कंपन्यांत होतो तसा तालुक्याच्या गावी दोन खोल्यांत चालणाऱ्या ऑफिसातही होतो. बहुतेक वेळा ज्याचा आवाज मोठा किंवा ज्याची नोकरी जुनी, त्याच्या बाजूने तो मिटतो.

माझ्या मते हा निर्णय अख्ख्या प्रकल्पासाठी एकदम घ्यायचाच नसतो. एकाच सॉफ्टवेअरचे काही भाग आधी आखावेच लागतात आणि काही भाग करून पाहिल्याशिवाय कळत नाहीत. कुठला भाग कुठल्या प्रकारचा, हे ठरवायला पहिला आठवडा द्या. ते कसं ठरवायचं, हे या दूध संस्थेवरच पाहू.

संकलनाची स्क्रीन घ्या. सकाळी सहा-साडेसहाला केंद्रावर रांग लागलेली असते. एकजण कॅन उतरवून घेतो, एकजण फॅट मशीनला नमुना लावतो, एकजण संगणकापुढे बसतो. त्याने सभासदाचा कोड टाकायचा, लिटर टाकायचे, फॅट आणि डिग्री (लॅक्टोमीटरचा आकडा) टाकायची, पावती काढायची आणि पुढच्याला घ्यायचं. माऊसकडे त्याचा हात जात नाही, सगळं नंबर पॅड आणि एंटरवर चालतं. वीज गेली तर काय, एकाच घरातून गाईचं आणि म्हशीचं दूध आलं तर कोड एक की दोन, चुकून शेजारच्याच्या कोडवर नोंद पडली तर रांग न थांबवता ती दुरुस्त कशी करायची, हे कार्यालयात बसून विचारलं तर कोणी सांगत नाही. रोजच्या सवयीच्या गोष्टी मुद्दाम सांगायच्या असतात, असं त्यांच्या मनातच येत नाही. इथे चाळीस पानांचा दस्तऐवज उपयोगाचा नाही. दोन दिवसांत कच्ची स्क्रीन करा, लॅपटॉप घेऊन केंद्रावर जा, जुन्या पद्धतीच्या शेजारी बसून त्याच नोंदी आपल्या स्क्रीनवर करून पाहा. ऑपरेटर कुठे अडखळतो ते टिपा, संध्याकाळच्या संकलनाआधी बदला आणि पुन्हा बसा. चार दिवसांत जे कळेल, ते महिनाभराच्या बैठकांत कळणार नाही. आणि रचना चुकली तर नुकसान काय? स्क्रीन बदलायची, एवढंच.

हिशेबाची गोष्ट वेगळी आहे. संस्थेच्या सचिवांशी बोलायला बसलात की संभाषण साधारण असं जातं:

‘साहेब, दरपत्रक मधेच बदललं तर?’

‘बदलतंच की. दूध संघाचं पत्र येतं, अमुक तारखेपासून नवा दर म्हणून.’

‘पत्र उशिरा आलं आणि तारीख मागची असली तर?’

‘मग फरक काढायचा. पुढच्या पगारात जमा करतो आम्ही.’

‘आणि दिवाळीला?’

‘दिवाळीला वर्षाचा दूध दर फरक असतो ना. लिटरमागे संचालक मंडळ ठरवेल तो. गाईला वेगळा, म्हशीला वेगळा.’

‘मधेच संस्था सोडून गेलेल्या सभासदाला द्यायचा का?’

‘ते एकदा अध्यक्षांना विचारायला लागेल.’

या चार-पाच उत्तरांत तुमच्या डेटाबेसचा सगळा सांगाडा आला. प्रत्येक वेळची नोंद सुटी ठेवावी लागणार. तिला कुठलं दरपत्रक लावलं, ते नोंदीसोबत राहायला हवं. दरपत्रकाला ‘लागू तारीख’ आणि ‘टाकल्याची तारीख’ अशा दोन तारखा हव्यात. पगार निघाल्यावर जुनी नोंद खोडायची नाही, दुरुस्तीची नवी नोंद करायची. घाईत हे सुचलं नाही आणि वर्षभर फक्त दहा-दहा दिवसांच्या बेरजा साठवल्या, तर दिवाळीच्या तोंडावर गाईचे लिटर किती आणि म्हशीचे किती, हे कुठूनही काढता येणार नाही. स्क्रीन केव्हाही बदलता येते. जी माहिती साठवलीच नाही, ती नंतर कितीही हुशार प्रोग्रामर आणला तरी परत येत नाही.

पैशांच्या पूर्णांकनाचं पाहा. ७.३ लिटर दूध, दर ३३ रुपये ४५ पैसे. गुणाकार २४४.१८५. पावतीवर २४४.१८ छापायचं की २४४.१९? पूर्णांकन प्रत्येक पावतीला करायचं की दहा दिवसांच्या बेरजेला? दहा दिवसांत वीस पावत्या, प्रत्येकी जास्तीत जास्त अर्ध्या पैशाची तफावत, म्हणजे फरक पडला तर दहा पैशांचा. पण एखाद्या सभासदाने पावत्यांची बेरीज केली आणि ती बिलाशी जुळली नाही, तर गावात बोलणं दहा पैशांचं होत नाही, ‘कॉम्प्युटर खोटा आहे’ असं होतं. त्यातून फ्लोट वापरला असेल, तर २४४.१८५ हा आकडा संगणकात नेमका तसा साठतच नाही, आणि पूर्णांकन कुठल्या बाजूला झुकेल याचा भरवसा राहत नाही. म्हणून रक्कम पैशांत, पूर्ण संख्या म्हणून ठेवा. पूर्णांकनाचा नियम संस्थेकडून लिहून घ्या. सचिवांसोबत बसून कागदावर पंधरा-वीस उदाहरणं हाताने सोडवा: साधा दिवस, दर बदलल्याचा दिवस, मागच्या तारखेचा दर, खराब दुधाची कपात, पगारापेक्षा उचल जास्त. हीच उदाहरणं जशीच्या तशी तुमच्या ऑटोमेटेड टेस्ट होतील. हिशेबाच्या कोडची पहिली ओळ त्यांच्यानंतर लिहा.

यातून दोन प्रश्न निघतात. प्रत्येक भागाला ते विचारा. चुकलं तर मागे फिरता येईल का, आणि चुकीची झळ कोणाला, किती बसेल?

मागे फिरणं अवघड कुठे होतं, हे ओळखायला सरावाने येतं. साठवलेल्या माहितीची रचना, दुसऱ्यांच्या प्रोग्रामला दिलेला एपीआय, बाहेर पडलेल्या पावत्या आणि बिलं, बँकेला पाठवलेली फाइल, लोकांच्या हाताला लागलेली सवय. जावास्क्रिप्टचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. १९९५ साली नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइक यांनी तिची पहिली आवृत्ती दहा दिवसांत लिहिली. त्यात ‘नल’चा प्रकार विचारला की भाषा ‘ऑब्जेक्ट’ असं उत्तर देते, ही चूक शिरली. चूक आहे हे सगळ्यांना मान्य आहे, ती सुधारण्याचा प्रस्तावही आला होता. पण तोवर जगभरच्या संकेतस्थळांचा कोड त्याच उत्तरावर विसंबलेला होता, म्हणून ती आजही तशीच आहे. दहा दिवसांत भाषा लिहिली याला माझा आक्षेप नाही. त्या दहा दिवसांतलं बरंचसं तसंच बाहेर पडलं आणि कायमचं झालं, ते जड गेलं.

त्याच्या शेजारी गिट ठेवून पाहा. एप्रिल २००५ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांना लिनक्ससाठी नवी आवृत्ती-नियंत्रण व्यवस्था तातडीने हवी होती. कामाला सुरुवात केल्यावर काही दिवसांतच गिटचा कोड गिटमध्येच ठेवला जाऊ लागला, आणि जूनमध्ये लिनक्सची २.६.१२ ही आवृत्ती गिटवर सांभाळून बाहेर पडली. घाई इथेही होती. पण माहिती कशी साठवायची, हा गाभा त्यांनी विचारपूर्वक बांधला: प्रत्येक गोष्ट तिच्या मजकुरावरून काढलेल्या हॅशने ओळखायची आणि एकदा ठेवलेली गोष्ट बदलायची नाही. वरच्या कितीतरी आज्ञा मात्र शेल आणि पर्लच्या स्क्रिप्ट होत्या. पुढे त्या सवडीने सी भाषेत पुन्हा लिहिल्या गेल्या. वापरणाऱ्यांच्या रिपॉझिटरींना त्याचा धक्का बसला नाही, कारण खालची रचना टिकली. घाईच्या कामात शिस्त कुठे खर्च करायची, याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

दुसरा प्रश्न झळ बसण्याचा. सॉफ्टवेअर पद्धतींचे अभ्यासक ॲलिस्टर कॉबर्न यांनी प्रकल्पांची वर्गवारी करताना दोन मापं धरली: माणसं किती, आणि चूक झाली तर काय जाईल. नुसती गैरसोय, परवडेल इतका पैसा, संस्था बुडेल इतका पैसा, की जीव. ही पायरी जितकी वरची, तितकी शिस्त जास्त. माझ्या अनुभवात छोट्या गटांना हे माप फार उपयोगी पडतं, कारण ते एकाच सॉफ्टवेअरच्या वेगवेगळ्या भागांनाही लावता येतं. दूध संस्थेचा महिन्याचा आलेख चुकला तर गैरसोय होते. पगाराची फाइल चुकली तर शे-दोनशे घरांचे पैसे अडकतात. दोन्हींना एकाच मापाची शिस्त लावणारा गट आलेखावर वेळ दवडतो, नाहीतर फाइलवर जुगार खेळतो.

माणसांच्या संख्येचं थोडक्यात सांगतो. चौघे एका खोलीत असतील तर पुष्कळ गोष्टी बोलून मिटतात. चाळीस जण असतील, निम्मे पुण्यात आणि निम्मे अमेरिकेत, तर जे लिहिलं नाही ते ठरलंच नाही असं धरा.

शिस्त म्हणजे कागदांचा गठ्ठा, हा समज मात्र दोन्ही बाजूंचं नुकसान करतो. नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर दलाली कंपनीने २०१२ च्या जुलैअखेरीस आठ सर्व्हरवर नवा कोड हाताने चढवायला घेतला. एक सर्व्हर राहून गेला. नव्या कोडने ज्या खुणेचा, म्हणजे फ्लॅगचा, पुनर्वापर केला होता, ती खूण त्या एका सर्व्हरवर वर्षानुवर्षं निजलेल्या जुन्या कोडला जागी करणारी होती. १ ऑगस्टला बाजार उघडल्यावर साधारण पाऊण तासात ४४ कोटी डॉलरहून अधिक रक्कम गेली. कोड चढवल्यावर दुसऱ्या माणसाने आठही सर्व्हर तपासावेत, असा लेखी नियम तिथे नव्हता. त्या एका जागी अर्ध्या पानाची यादी आणि डोळ्यांची दुसरी जोडी एवढंच हवं होतं. जुना कोड वेळीच काढून टाकला असता, तर तेवढ्याचीही गरज पडली नसती.

कागदपत्रं चोख असूनही घात होतो, याचं उदाहरण एरियन ५. ४ जून १९९६ रोजी हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात चाळीस सेकंदांच्या आत भरकटून नष्ट झालं. दिशा सांगणाऱ्या यंत्रणेतला कोड एरियन ४ मधून आणलेला होता, तिथे तो नीट चालत होता. एरियन ५ चा आडवा वेग जास्त. तो ६४ बिटांचा आकडा १६ बिटांत बसवताना ओव्हरफ्लो झाला, आणि मुख्य व राखीव दोन्ही यंत्रणा एकाच कारणाने बंद पडल्या. ज्या कामासाठी ते गणित चाललं होतं, त्याची एरियन ५ ला उड्डाणानंतर गरजसुद्धा नव्हती. आखणी होती, पण ती दुसऱ्या रॉकेटची. आपल्याकडे हे रोज घडतं. एका संस्थेसाठी केलेलं दराचं मॉड्यूल दुसरीकडे ‘चालतंय ना’ म्हणून बसवलं जातं. फॅट आणि डिग्रीवरून एसएनएफ काढायच्या सूत्रातला स्थिरांक सगळीकडे सारखा नसतो. नव्या संस्थेत गेल्यावर कागदावरची ती उदाहरणं नव्या सचिवांसोबत पुन्हा सोडवा. एक दुपार जाते.

आता थेट हात घालायचा तर तो कसा, कारण यालाही पद्धत लागते. एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या पद्धतीने काम करणाऱ्यांनी, एका शंकेचं उत्तर शोधण्यापुरत्या छोट्या प्रयोगाला ‘स्पाइक’ म्हटलं. प्रयोगाला एकच प्रश्न द्या: ‘या फॅट मशीनचा आकडा सिरियल पोर्टवरून थेट वाचता येतो का?’ मुदत द्या, एक दिवस किंवा दोन. कोड वेगळ्या रिपॉझिटरीत लिहा, खऱ्या सभासदांची माहिती त्यात आणू नका. उत्तर मिळालं की ते चार ओळींत लिहून ठेवा आणि कोड फेकून द्या. हे फेकून देणं जमत नाही, तिथेच बहुतेक गट घसरतात. स्क्रीन चालताना पाहिली की संस्थेला वाटतं काम झालं, आणि आपल्यालाही दोन दिवसांची मेहनत टाकवत नाही. मग पासवर्ड कोडमध्येच लिहिलेला, बॅकअप नाही, त्रुटी आली तर प्रोग्राम मुकाट्याने पुढे जातो, असा तो प्रयोग पाच वर्षं पगार काढत राहतो. यावर सोपा उपाय म्हणजे कच्च्या स्क्रीनला कच्चीच दिसू द्या. वर ठळक ‘नमुना’ लिहा, सभासदांची नावं ‘सभासद १’, ‘सभासद २’ अशी ठेवा, छपाई बंद ठेवा.

कोड लिहून देणाऱ्या एआय साधनांमुळे हा मुद्दा आणखी तातडीचा झाला आहे. एआय संशोधक आंद्रेइ कार्पाथी यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘व्हाइब कोडिंग’ हा शब्द वापरला, तो कोडकडे फारसं न पाहता साधनाला सांगत पुढे जाण्याच्या पद्धतीसाठी. सुटीच्या दिवशी करून टाकून द्यायच्या प्रकल्पांना ती चालते, असं त्यांनी तेव्हाच म्हटलं होतं. संकलनाच्या स्क्रीनचे तीन नमुने दुपारभरात हवे असतील, तर ही साधनं जरूर वापरा. हिशेबाच्या भागातही वापरा, पण उदाहरणं आधी तुम्ही आणि सचिवांनी सोडवलेली असू द्या. टेस्टही साधनानेच लिहिल्या, तर कोड आणि टेस्ट दोन्ही एकाच गैरसमजावर उभ्या राहतात आणि हिरवी खूण दाखवतात. पगाराच्या कोडची प्रत्येक ओळ गटातल्या किमान एकाला तोंडी समजावून सांगता आली पाहिजे. येत नसेल तर तो कोड अजून नमुनाच आहे.

एकदा ठरवलेली वाटणी कायमची नसते. एखाद्या फाइलला हात लावायला गटातले लोक कचरू लागले, ‘बरोबर उत्तर कुठलं’ या प्रश्नाला दोघांकडून दोन उत्तरं आली, किंवा दर पगाराच्या आदल्या रात्री तोच फोन येऊ लागला, की तो भाग सुचेल तसा वाढू द्यायचे दिवस संपले. तिथे थांबा, उदाहरणं लिहा, टेस्ट लावा, मग पुढे चला. उलट बाजूच्याही खुणा असतात. सही झाल्यापासून दस्तऐवज कोणी उघडलेला नाही, बटणावरचं नाव बदलायलाही बदल-विनंतीचा फॉर्म लागतो, तीन मंजुऱ्यांत आठवडा जातो. अशा ठिकाणी शिस्त काढून घ्या, निदान त्या भागापुरती. ज्या ‘वॉटरफॉल’ आकृतीच्या नावाने अजूनही टप्प्याटप्प्याचं काम लादलं जातं, ती सॉफ्टवेअर अभियंते विन्स्टन रॉइस यांच्या १९७० च्या निबंधातली. पण त्याच निबंधात त्यांनी सरळ एका दिशेने जाण्यात धोका आहे असं सांगून, नव्या प्रकारचं काम असेल तर आधी छोट्या प्रमाणात एकदा करून पाहा, असं सुचवलं होतं. साहेबांशी वाद घालायची वेळ आली तर हे माहीत असलेलं बरं.

राहता राहिला पैशांचा आणि कराराचा भाग, आणि खरी अडचण पुष्कळदा तिथेच असते. निविदा असो वा ठोक रकमेचा करार, सगळं आधी लिहून मागितलं जातं. हिशेबाच्या भागापुरतं ते रास्त आहे, लिहून द्या. स्क्रीन आणि अहवाल यांच्यासाठी मात्र करारात वेगळा, छोटा पहिला टप्पा मागा: अमुक इतके दिवस, अमुक रक्कम, आणि शेवटी केंद्रावर वापरून पाहिलेला नमुना. ‘अंदाजे किती होईल’ असं विचारल्यावर जे माहीत आहे त्याचा आकडा सांगा, आणि जे माहीत नाही ते शोधायला किती दिवस लागतील तेवढंच सांगा. अनेक सचिव हे ऐकून घेतात, कारण त्यांनी आधी एकदा न चालणारं सॉफ्टवेअर विकत घेतलेलं असतं. सुरुवातीचे दोन पगार जुनी वही आणि नवं सॉफ्टवेअर दोन्ही चालवायचं, हेही करारातच लिहून घ्या. पगाराच्या आदल्या दिवशी दोन्हीकडचे आकडे सभासदवार लावून पाहा. जे जुळणार नाहीत, त्यातले काही वहीतले चुकलेले असतील. ते सचिवांना चारचौघांत न सांगता एकटे असताना दाखवा.